अंधारातला घेवडा

बाईंना राग यायला एरवी फारसं कारण लागत नसे. फळा नीट पुसलेला नसला तरी पुरे. वर्गात कुणी जांभई दिली तरी पुरे, आणि ती दाबायचा प्रयत्न केला तर जास्तच. शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे 'बर्नर' म्हणत, कारण त्या एका काडीत भडकत आणि मग पूर्ण तासभर निळ्या ज्योतीनं जळत राहत. हे नाव बाईंच्या कानावर आलेलं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. प्रयोगशाळेतला खरा बर्नर मात्र कित्येक वर्षांत पेटलेला नाही, आणि बर्नर कसा पेटतो हे पोरांना आपल्याकडे बघून शिकावं लागतं, याचा त्यांना संताप होता.

पण त्या सोमवारी कारण होतं, आणि चांगलं भक्कम होतं. नववी 'ब'च्या प्रयोगवह्या तपासायला आल्या होत्या. प्रयोग लंबकाचा. लंबकाचे झोके मोजायचे, त्यांना लागलेला वेळ नोंदवायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. सगळ्या वर्गाचं उत्तर आलं होतं नऊ पॉइंट आठ. एकाचंही पॉइंट सात नाही की पॉइंट नऊ नाही. एवढा एकमुखी वर्ग जगात दुसरा नसेल. अडचण इतकीच होती, की शाळेत लंबक एकच होता आणि त्याचा दोरा मागच्या वर्षी तुटला होता. त्याचा गोळा हेडक्लार्क साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसलेला होता. म्हणजे पोरांनी न हललेल्या लंबकाचे झोके मोजले होते, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

बाई वह्यांचा ढीग घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि तो त्यांनी टेबलावर असा आपटला, की चित्रकलेच्या बाईंचा डबा एक वीत सरकला.

"मग चुकलं काय?" गाईड सर म्हणाले. "उत्तर बरोबरच आहे ना?"

गाईड सर दहावीला विज्ञान शिकवत. शिकवत म्हणजे उत्तरं सांगत आणि पोरं लिहून घेत. प्रश्न कुठलाही असो, त्यांचं उत्तर पाच मुद्द्यांत यायचं, आणि पाचवा मुद्दा 'म्हणून हे महत्त्वाचे आहे' असाच असायचा. त्यांचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागत असे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. बाईंनी ती गैरसोय कधी मानली नाही.

"उत्तर बरोबर आहे, आणि तेच चुकलंय!" बाई कडाडल्या. "ही पोरं बघतच नाहीत. समोर हत्ती उभा केला तरी आधी पुस्तकात पान शोधतील."

"पुस्तकात असलेला हत्तीच परीक्षेत येतो, बाई," गाईड सर शांतपणे म्हणाले. "प्रयोगशाळेची खोली मात्र फुकट अडून बसलीय. तिथे माझे जादा तास छान झाले असते."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की ती खोली बाईंचा जीव की प्राण होती. त्या शाळेत आल्या तेव्हा तिथे मोडकी बाकं आणि स्नेहसंमेलनाचे पडदे होते. बाईंनी अर्ज केले, भांडणं केली, शेवटी पदर खोचून स्वतः फरशी घासली, तेव्हा कुठे दारावर 'प्रयोगशाळा' अशी पाटी लागली. अख्ख्या शाळेत पोरांनी बसायचं नाही, उभं राहून हात घालायचा, अशी ती एकच जागा होती. तिला कुणी 'अडून बसलीय' म्हटलं की बाईंच्या कानशिलात ठोके पडत.

"ऐका सर," त्या म्हणाल्या. "मी या वर्गाला एक प्रकल्प देते. एकाही पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं स्वतःच्या हातानं लिहून दाखवलं नाही ना, तर प्रयोगशाळेची किल्ली तुमच्या हातात देईन. स्वतः देईन!"

रागात बोललेलं वाक्य परत घ्यायला माणसाला निदान एक संध्याकाळ मिळायला हवी. बाईंना ती मिळाली नाही, कारण मुख्याध्यापक नेमके दारात उभे होते. किल्ली कुणाला द्यायची हा निर्णय ते दोन वर्षं पुढे ढकलत होते. तो असा आपोआप होतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम कल्पना!" ते म्हणाले. "महिनाअखेरीला बघून टाकू."

प्रकल्प काय द्यायचा ते बाईंच्या डोक्यात तयार होतं. मे महिन्यात शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं. तिथे कोट घातलेल्या एका गृहस्थांनी तीन दिवस पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं होतं, की व्याख्यान देणं वाईट. ते त्यांनी सलग व्याख्यान देऊन सांगितलं होतं. बाईंना त्या तीन दिवसांतलं चहाशिवाय काही आवडलं नव्हतं. पण 'मुलाला उत्तर माहीत नसलेला प्रयोग द्या' हे एक वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. घेवड्याच्या बिया दोन पेल्यांत लावायच्या. एक पेला खिडकीत ठेवायचा, एक कपाटात बंद. दोघांना पाणी सारखं. रोज मोजायचं आणि दिसेल ते लिहायचं. पुस्तक उघडायचं नाही. बस, इतकंच.

बाईंना हे सगळं प्रयोगशाळेतच, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायचं होतं. त्यासाठी माती लागणार होती, म्हणून त्या कार्यालयात गेल्या.

"माती आणायची म्हणजे आवक झाली," हेडक्लार्क साहेब चष्मा पुसत म्हणाले. "आवक झाली की नोंद आली. आता मला सांगा, माती टिकाऊ की नाशवंत?"

"अहो, माती आहे ती! माती!"

"म्हणजे टिकाऊ. टिकाऊ वस्तूला तीन दुकानांचे भाव लागतात."

"मी विकत आणतच नाहीये. मैदानाच्या कोपऱ्यातली उचलणार आहे."

"म्हणजे शाळेची मालमत्ता जागेवरून हलवणार?" साहेबांनी लंबकाचा गोळा उचलून दुसऱ्या कागदांवर ठेवला. "त्याला वेगळा अर्ज. आणि बिया जिवंत असतात का?"

"असतात म्हणूनच उगवतात!"

"मग तर संस्थेची परवानगी लागेल. सजीव वस्तू शाळेत ठेवायच्या म्हणजे जबाबदारी आली."

"शाळेत हजारभर सजीव वस्तू रोज येतात की!" बाई ओरडल्या.

"त्यांची फी आलेली आहे," हेडक्लार्क साहेब म्हणाले.

अर्ज गेला, परत आला, दुसऱ्या रंगाच्या कागदावर पुन्हा गेला. तोवर बाईंनी घरी भिजत घातलेल्या बियांना हातभर मोड आले आणि सासूबाईंनी एका दुपारी त्या शिजवून टाकल्या. "मला वाटलं जेवणासाठीच आहेत," त्या म्हणाल्या. महिना मात्र कुणासाठी थांबत नव्हता. शेवटी बाईंनी दातओठ खात वर्गात सांगितलं, की प्रयोग घरी करा. त्याच क्षणी सगळं हातातून गेलं होतं, पण हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

नववीतल्या मुलाच्या घरी प्रकल्प गेला की तो मुलाचा राहत नाही, घराण्याचा होतो. दुसऱ्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. कुठल्या कंपनीचा घेवडा? पेला प्लास्टिकचा की काचेचा? काचेच्या पेल्याला जादा मार्क आहेत का? एका डॉक्टर आईनं रोपाला पाणी सलाइनच्या नळीतून थेंब थेंब द्यायला सुरुवात केली. एका इंजिनिअर वडिलांनी अंधारासाठी लाकडी खोका बनवून त्याला हवेची भोकं पाडली, मग भोकांतून उजेड जातो म्हणून ती बुजवली, मग हवा जात नाही म्हणून पुन्हा पाडली. एका घरातल्या आजीला कपाटातल्या रोपाची इतकी दया आली, की ती रोज दुपारी सगळे झोपले की त्याला हळूच गॅलरीत नेऊन बसवत असे. हे बाईंना ज्याच्या त्याच्या तोंडून कळत होतं, आणि कळेल तसा त्यांचा पारा चढत होता.

बाईंच्या घरासमोरच्या दारात ऑडिटर राहत. त्यांची मुलगी बाईंच्याच वर्गात. उंच, काटकुळी आणि खिशात कायम फूटपट्टी, म्हणून वर्ग तिला 'पट्टी' म्हणायचा. बोलायची कमी. कुणी बाक हलवला की आधी मोजायची, मग चिडायची. एका संध्याकाळी ऑडिटर चपला न काढता दारातच उभे राहिले.

"बाई, एक विचारू? दररोज साधारण किती सेंटिमीटर अपेक्षित आहे?"

"अपेक्षित म्हणजे?"

"म्हणजे टार्गेट. आपल्याला शेवटी किती दाखवायचंय?"

"दाखवायचं काही नाहीये! जे होईल ते लिहायचं."

ऑडिटर कौतुकानं हसले. सरकारी माणूस तोंडी 'नियमाप्रमाणे करा' म्हणतो, तेव्हा समजणाऱ्यानं जसं हसावं तसं. "कळलं, कळलं," ते म्हणाले. "तुम्हाला उघड सांगता येत नाही. मी बघतो."

"तुम्ही काही बघू नका! तुमच्या मुलीला बघू द्या!" बाईंनी दार असं लावलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून जिन्यात आल्या. आल्याच होत्या म्हणून सल्ला देऊन गेल्या, की रोपाला ताक घालावं.

बाईंनी स्वतःच्या घरीही दोन पेले ठेवले होते. 'उजेड' स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि 'अंधार' कपड्यांच्या कपाटात, तळाच्या खणात. बाईंचे यजमान वीज कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर बसत. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन, 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं गोड आवाजात सांगायची त्यांना सवय होती, आणि याच गुणावर त्यांचा संसार टिकला होता. घरात भडका उडण्याआधी काडी कुठे आहे ते त्यांना दिसायचं आणि ते ती गुपचूप खिशात घालायचे.

एका रविवारी बाई खिडकीशी गेल्या आणि थबकल्या. 'उजेड' लिहिलेल्या पेल्यात एक लांबलचक, फिकट पिवळं रोप लटपटत उभं होतं. त्यांनी धावत जाऊन कपाट उघडलं. 'अंधार' लिहिलेल्या पेल्यात बुटकं, हिरवंगार, टणक रोप होतं.

"अहो!"

यजमान दाढी अर्धी टाकून आले.

"हे कुणी बदललं?"

"अगं... हे बघ, रागावू नकोस." यजमानांनी गालावरचा फेस पुसला. "तुझा प्रयोग फसत होता. अंधारातलं भलतंच वाढत होतं आणि उजेडातलं बसून होतं. तुझ्या मनाला लागेल म्हणून मी आपले पेले बदलले, वरच्या चिठ्ठ्याही..."

"फसत होता?" बाईंचा आवाज चढत गेला. "अहो, अंधारातलं रोप उंचच होतं! उजेड मिळेना की ते धावत सुटतं. बीमध्ये असेल नसेल तेवढं सगळं नुसतं उंचीवर उधळतं. पान नाही, रंग नाही, अंगात बळ नाही. आणि मग एक दिवस आडवं पडतं. हेच तर बघायचं होतं!"

"पण पुस्तकात तर लिहिलंय, की वाढायला उजेड लागतो."

"बरोबर लिहिलंय! पण वाढ म्हणजे उंची, असं कुठे लिहिलंय?"

यजमान विचारात पडले. खिडकीवर बसून त्यांना प्रश्न ऐकायची सवय होती, विचारात पडायची नव्हती. "मग मी परत बदलतो," ते म्हणाले.

"हात लावू नका!" असं म्हणून बाईंनी पेले आणि चिठ्ठ्या स्वतः जागच्या जागी लावल्या. पण आता त्यांना दुसरीच काळजी लागली. आपल्या घरात, आपल्या नाकासमोर हे झालं. मग वर्गातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी असा एक मायाळू माणूस असणार, जो रोपाला पुस्तकाप्रमाणे सरळ करत असेल. पोरांना आधीच सांगून टाकावं, तर ती तेच उतरवून आणतील आणि ते बघितलेलं नसेल. न सांगावं, तर पुस्तकातलं आणतील. बाईंनी त्या दिवशी कणकेचा गोळा असा मळला, की सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती कणीक आहे, शत्रू नव्हे."

शेवटी तो दिवस उजाडला. टेबलावर फायलींचा डोंगर झाला. एकीला सोनेरी कड, एकीला चकाकणारा कागद, एकीच्या मुखपृष्ठावर तर घेवड्याचा इतका सुंदर फोटो होता, की तो घेवड्याचा नसून गुलाबाचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंनी पहिली फाईल उघडली. उजेडातलं रोप उंच, अंधारातलं वाढलं नाही. दुसरी उघडली. उजेडातलं उंच, अंधारातलं मेलं. तिसरीत अंधारातल्या रोपानं 'निष्कर्षाप्रमाणे प्राण सोडला' होता. ऑडिटरांच्या मुलीच्या फायलीत दर दिवशी बरोबर दीड सेंटिमीटरची वाढ, आलेख फूटपट्टीनं मारलेला, आणि खाली 'तपासले' अशी वडिलांची सही. एकही फाईल वेगळी नव्हती. एकही!

गाईड सर दाराशी उभे होते. ते नुसते हसले, आणि तेच जास्त झोंबलं. बाईंनी लाल पेन घेतलं आणि पहिल्या फायलीपासून शेवटच्या फायलीपर्यंत भोपळे काढले. मोठे, गरगरीत, पान फाटेल असे भोपळे.

त्यानंतर जे झालं त्याला मुख्याध्यापकांनी पुढे 'पालकांशी सुसंवाद' असं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला फाटकातून पालकांचा लोंढा आत आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत मावेनात, म्हणून सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. तिथे पोरंही होती. आईवडील शेजारच्या वर्गातून आणलेल्या बाकांवर आणि पोरं भिंतीला टेकून, अशी उलटी सभा भरली. गाईड सर खिडकीशी उभे राहून खोलीची लांबीरुंदी नजरेनं मोजत होते.

"आम्ही काय कमी केलं?" डॉक्टर आई म्हणाल्या. "ओपीडी सोडून मी रोपाला थेंब देत बसले होते!"

"माझा खोका बघायला या घरी," इंजिनिअर वडील म्हणाले. "सागाचा आहे!"

"माझा प्रश्न साधा आहे," ऑडिटर उभे राहिले. "पुस्तकात आहे तेच आम्ही दाखवलं. एक आकडा इकडचा तिकडे नाही. मग शून्य कसलं?"

"बाई, तुम्ही मार्क देऊन टाका ना," मुख्याध्यापक कपाळ पुसत म्हणाले. "आणि ती किल्लीसुद्धा आजच..."

बाई उठल्या. कालपासून तुंबलेलं सगळं एकदम बाहेर यायला बघत होतं. पण ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांना एकदम एक गोष्ट खटकली. समोर फायली होत्या, पालक होते, पोरं होती, पण रोप एकही नव्हतं.

"झाडं कुठायत?" त्यांनी विचारलं.

पालक एकमेकांकडे बघू लागले.

"मी झाडं विचारतेय. डॉक्टरांचा मुलगा! तुझं झाड कुठाय?"

"फेकलं, बाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"का?"

"चुकीचं आलं होतं."

"चुकीचं म्हणजे?"

त्यानं आईकडे चोरून पाहिलं. "म्हणजे... अंधारातलं जास्त उंच झालं होतं. आई म्हणाली, आपलंच काहीतरी चुकलं."

"अय्या, तुमचंही?" मागून एक आई बोलून गेली, आणि बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

"आमचं पण चुकलं होतं, बाई," भिंतीपासून एक आवाज आला.

"माझं पण."

"आमचं तर खोक्याला वर टेकलं होतं," इंजिनिअर वडिलांचा मुलगा म्हणाला. "बाबांनी मग खोक्याची उंची वाढवली. तरी टेकलं. मग फेकलं."

इंजिनिअर वडील छताकडे बघू लागले. ज्या घरातल्या आजीनं रोप गॅलरीत फिरवलं होतं, त्या घरातलं तेवढं बुटकं राहिलं होतं. बाकी सगळ्या घरांत, एकूण एक कपाटात, पलंगाखाली आणि खोक्यात घेवडा लांब, पिवळा आणि उंच झाला होता. सगळ्यांनी ते बघितलं होतं. रोज बघितलं होतं. आणि प्रत्येक घराला वाटलं होतं, की साऱ्या गावात आपलंच तेवढं चुकलंय. म्हणून प्रत्येकानं गुपचूप ते केराच्या डब्यात टाकलं आणि बरोबर उत्तर लिहून आणलं.

बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्या सवयीप्रमाणे भडकल्या. "अरे, मग बोलला का नाहीत? माझी पोरं आंधळी आहेत म्हणून मी महिनाभर जळतेय! तुम्हाला दिसत होतं? सगळ्यांना दिसत होतं?"

"ते ठीक आहे, बाई," गाईड सर खिडकीशेजारून पुढे आले. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना मुद्दा सोडता येत नसे. "पण आपलं ठरलं होतं लिहून दाखवायचं. लिहिलं कुणीच नाही. शब्द म्हणजे शब्द." त्यांनी हात पुढे केला.

आणि ते खरं होतं. बाईंनी पर्समध्ये हात घातला. किल्ली हाताला लागली. शब्द दिला होता, तोही तावातावानं, चारचौघांत. पदर खोचून घासलेली ती फरशी त्यांना एकदम फार स्वच्छ दिसायला लागली.

तेवढ्यात भिंतीपासून ऑडिटरांची मुलगी, पट्टी, निघाली. कुणाला न विचारता ती फळ्यापाशी गेली.

"बाळा, खाली बस," ऑडिटर म्हणाले.

ती बसली नाही. तिनं खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'अंधारातलं उंच. उजेडातलं बुटकं.' मग वडिलांकडे वळली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"बाबा, मी रोज मोजलं होतं! तुम्ही म्हणालात, चुकीचं आहे, दे मी करतो. मी पट्टी लावली होती! दोनदा लावली होती! पट्टी चुकते का?" आणि तिनं खडू फळ्यावर असा दाबला, की त्याचे दोन तुकडे झाले.

अख्ख्या शाळेत इतका चांगला राग बाईंनी स्वतःचा सोडून दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता. त्या बघतच राहिल्या.

खाली पडलेला तुकडा डॉक्टरांच्या मुलानं उचलला आणि पट्टीच्या ओळीखाली लिहिलं: 'पान छोटं, पिवळं. वास येत होता.' मग इंजिनिअरांचा मुलगा गेला. मग भिंतीपासून सगळी रांगच निघाली. कुणी लिहिलं 'वाकडं झालं', कुणी 'एका रात्रीत आडवं पडलं', कुणी 'आजी बाहेर काढायची म्हणून माझं मोजू नये'. शुद्धलेखनाची पार वाट लागली होती. एकाचंही दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नव्हतं. बाईंनी इतका सुंदर फळा जन्मात बघितला नव्हता.

"हे आत्ता लिहिलंय," गाईड सर म्हणाले. त्यांचा हात अजून तसाच पुढे होता.

बाईंनी पर्समधला हात रिकामाच बाहेर काढला. फळ्याखालच्या खोबणीतून एक खडू घेतला आणि गाईड सरांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. तुम्ही काय पाहिलंत तेही लिहा."

गाईड सरांनी खडूकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. "मी काही लावलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग बसा," बाई म्हणाल्या.

ते बसले. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला आणि किल्लीचा विषय पुन्हा दोन वर्षं पुढे ढकलला. जाता जाता ते म्हणाले, "फळा तेवढा पुसून घ्या, उद्या संस्थेचे लोक येणार आहेत." बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन सरळ घरी निघाल्या. पुसायचंय ना, मग कुलूप तोडा आणि पुसा!

घरी आल्या तेव्हा यजमान बेडरूममध्ये उघड्या कपाटासमोर उकिडवे बसले होते. हातात सासूबाईंची विणकामाची सुई होती, आणि चेहरा गुन्हा करता करता पकडल्यासारखा.

"काय करताय?" बाईंचा आवाज आपोआप चढला.

"काही नाही." त्यांनी सुई मागे लपवली. "तुझं अंधारातलं आडवं पडलं गं आज. टेकू द्यावा असं फार वाटत होतं. मघापासून नुसता बसलोय." ते किंचित सरकले आणि त्यांनी आतल्या पेल्याकडे बोट केलं. पिवळा, लांबलचक घेवडा खणाच्या फळीवर लोळत पडला होता. "पण हात नाही लावला. आधी तू बघ."